वर गेलेला हात

बदलीचा हुकूम खिशात आला होता. आता दुपारच्या बैठकीत दोन्ही हात खाली ठेवायचे, एवढेच काम धाकट्याचे उरले होते.

ऐकायला सोपे वाटते. पण शरीररचना विभागातली ती बैठक साधी नव्हती. अस्थिखोलीचा ताबा कुणी घ्यायचा हे त्या दिवशी ठरणार होते, आणि तो ताबा एकदा ज्याच्या गळ्यात पडला त्याला पुढचा गळा सापडेपर्यंत सुटका नसे. बदली नाही, लांबची रजा नाही, दुसरी नोकरी नाही. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. म्हणूनच बहुधा तो कुणी मोडत नव्हते. सध्याचे ताबेदार, ज्यांना सगळा विभाग हाडकाका म्हणे, भरघोस काळ्या केसांनी त्या खोलीत शिरले होते. आता, डोके विद्यार्थ्यांना कवटी शिकवण्याइतके स्पष्ट झाल्यावर, ते महिनाअखेर निवृत्त होणार होते.

धाकटा हा विभागातला सगळ्यात नवा शिक्षक. लग्न झाल्यापासून तो इथे आणि बायको दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात. ती तिथे एक्स-रे काढायची. संसार सगळा फोनवर. बदली म्हणजे त्याच्या कोपराला लावलेला गूळ झाला होता: दिसायचा, वास यायचा, जीभ काही पोचायची नाही. आता हुकूम निघाला होता, विभागाने मोकळे केल्याची चिठ्ठी तेवढी बाकी होती.

"आज बैठकीत हातांवर बसून राहा," सकाळी बायकोने फोनवर बजावले.

"कोणत्या?"

"दोन्ही. आणि चेष्टा नकोय. काल एक आजोबा आले, चांगल्या गुडघ्याचा फोटो काढून घेतला आणि दुखरा तसाच घरी घेऊन गेले. विचारलं तर म्हणे, डॉक्टरांनी कोणता ते सांगितलंच नव्हतं."

उजवा की डावा, हा प्रश्न तिच्या तोंडातून श्वासासारखा बाहेर पडायचा. दाढ दुखते म्हटले की कोणत्या बाजूची. शेजारी भांडताहेत म्हटले की कोणत्या बाजूचे. धाकट्याला त्याचे नेहमी हसू यायचे.

ताबा देताना पूर्वी इथे शिकवून गेलेल्या मास्तरांची बरणी टेबलावर असावी, अशी विभागाची पद्धत होती. ती आणायची धाकट्याने, कारण जे जे जड असेल ते धाकट्याने आणायचे, ही दुसरी पद्धत होती. बैठकीच्या थोडे आधी तो बोळ ओलांडून समोरच्या अस्थिखोलीत गेला.

बोळ दोन पावलांचा, पण तो ओलांडला की हवा बदलायची. अस्थिखोलीला एकच खिडकी होती, तीही उंचावर आणि दुधी काचेची, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी आत ढगाळलेली संध्याकाळच असे. फॉर्मॅलिनचा वास नाकाच्या आधी डोळ्यांत शिरायचा. फळ्यांवर मांड्यांची हाडे जळणाच्या मोळीसारखी रचलेली, खाली खोक्यांत मनगटाची चिमुकली हाडे, आणि भिंतीला टेकून दोन सांगाडे, जे कुणी आत आले की किंचित हलायचे. दार उघडले की वारा येतो म्हणून हलायचे. धाकट्याने हे स्वतःला अनेकदा समजावले होते.

दाराला जबरदस्त स्प्रिंग होती आणि आतून उघडायला मूठ नव्हती.

"दार सोडू नकोस," हाडकाका आतल्या अंधारातून म्हणाले. "अडकवायचा ठोकळा कुणीतरी पळवलाय. मागं एकदा लागलं, तर मी आणि हे दोघं," त्यांनी सांगाड्यांकडे हनुवटी केली, "असे तिघं दुपारभर आत. बोलणारा मी एकटाच. निदान सुरुवातीला."

"निदान सुरुवातीला म्हणजे?"

"बरणी घे तू."

बरणी दाराजवळच्या फळीवरच होती, उंच, नळकांड्यासारखी. धाकट्याने ती डाव्या कवेत घेतली, तळ कमरेवर टेकवला आणि बरगड्यांशी घट्ट दाबून धरली. मग दारात उभा राहून, मिटू पाहणारे दार त्याने उजव्या हाताच्या मागच्या बाजूने बाहेरच्या अंगाला रेटून धरले. झाकणावर चढवायची रबरी पट्टी सापडत नव्हती. हाडकाका ती शोधू लागले, आणि हाडकाका काही शोधू लागले की समोरच्या माणसाला बूड टेकायला जागा असलेली बरी.

बरणीत मास्तरांचा हात होता. खांद्यापासून बोटांपर्यंत पुरता, सोबत छातीच्या भिंतीचा एक तुकडा, आणि वर केलेला. काख उघडून दाखवली होती: लाल रंगवलेली रोहिणी, निळी नीला आणि त्यांना लगडलेले मज्जातंतूंचे पिवळट जाळे. दंडाच्या आतल्या कडेने ती सगळी मंडळी कोपराच्या खळग्यापर्यंत गेलेली. तिथून पुढे मात्र कातडी तशीच ठेवली होती. मनगट, तळवा, आणि काहीतरी सुचल्यासारखी किंचित वाकलेली बोटे. धाकट्याच्या घड्याळाची कड काचेला टेकली होती, आणि घड्याळाची टिकटिक त्या द्रवात उतरून, जराशी मोठी होऊन परत येत होती. आतून कुणी उत्तर द्यावे तशी.

"तू नाही बघितलं मास्तरांना," हाडकाका एका खोक्यात खांद्यापर्यंत शिरून म्हणाले. "काख शिकवावी तर त्यांनी. म्हणायचे, काख म्हणजे एक खोली. पुढं भिंत, मागं भिंत, आतल्या बाजूला बरगड्यांची भिंत, बाहेर दंडाचं हाड. खाली जमीन, तिच्यावर गवत."

"आणि दार?"

"दार वर, मानेकडून. सगळे पाहुणे तिथनं येतात, खोलीत दाटीवाटीनं बसतात, दंडातनं पुढं निघतात आणि कोपराच्या वळणावर एकमेकांचा निरोप घेतात. पोरं रडायची रे ऐकताना. काखेचा पाठ होता तो."

"काका, पट्टी मिळाली का? खांदा भरून आलाय माझा."

"मिळतेय. तर मास्तर म्हणायचे, हात वर केल्याशिवाय काख दिसत नाही आणि प्रश्नही दिसत नाही. देहदान केलं तेव्हा सांगूनच ठेवलं, माझा डावा हात विभागात राहू दे, वर केलेला. उजवा नको, तो खडू धरून दमलाय."

बरणीतला द्रव हलला. धाकटा तर जागचा हलला नव्हता. त्याने बरणी आणखी घट्ट दाबली आणि दार आणखी जोराने रेटले, कारण आता ते मिटू नये अशी त्याची मनापासून इच्छा होती.

"तुम्ही या खोलीचा ताबा कसा काय घेतलात हो?" शांतता नको म्हणून त्याने विचारले.

"मी कुठं घेतला? हात वर गेला."

"म्हणजे तुम्ही केलात."

"मी 'गेला' म्हणालो," हाडकाका म्हणाले आणि धूळ झटकत उभे राहिले. त्यांच्या हातात पट्टी होती. "हीच, बघ. खिशात होती माझ्या. काखेत कळसा नि गावाला वळसा."

समोरून विभागप्रमुख बाईंचा आवाज आला. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत. "धाकट्या, मास्तरांना घेऊन येतोयस की आम्ही तिकडं येऊ?"

हाडकाकांनी उभ्याउभ्याच पट्टी चढवली आणि ते बाहेर सटकले. धाकट्याने दार सोडले. ते मागे असे आपटले की आतले सांगाडे दात वाजवल्यासारखे खडखडले. दोन पावलांत बोळ ओलांडून तो बैठकीच्या खोलीत शिरला, बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि समोर दिसलेल्या पहिल्या खुर्चीत बसला.

"चला, आता लांबण नको," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "अस्थिखोली कोण घेतंय?"

प्रत्येकाने आपापल्या हातांची सोय करून ठेवली होती. एका मॅडमनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. एकजण चहाचा रिकामा कप दोन्ही तळव्यांत घेऊन थंडी वाजल्यासारखा बसला होता. भिंगसर, जे पेशी बघायच्या सवयीने कशाकडेच नुसत्या डोळ्यांनी बघत नसत, आपले भिंग दोन्ही हातांनी पुसत होते. मध्ये मास्तरांचा हात. साऱ्या खोलीत तेवढा एकच वर.

धाकट्याला आधी काही जाणवलेच नाही. एका घड्याळाची तबकडी त्याच्या डोळ्यांसमोरून सावकाश वर गेली, तेव्हा त्याला वाटले, शेजारच्याने हात वर केला. बिचारा, असेही त्याला वाटले. मग त्याने ते घड्याळ ओळखले.

हात वर जात होता. कुणी उचलत नव्हते, कुणी ओढत नव्हते, आणि धाकटा तर मुळीच काही करत नव्हता. हाताला वजनच उरले नव्हते. पाण्याखाली दाबलेले बूच सोडावे तसा तो वर तरंगत निघाला होता, खांद्याच्या उंचीवर पोचला, तिथे जरा घुटमळला आणि कोपरात किंचित वाकून तिथून पुढे निघाला. बोटेही वाकली. समोर बरणीत मास्तरांचा हात होता आणि अलीकडे त्याचा. दोन्ही एकाच कोनात, वर्गातल्या एका बाकावरच्या दोन पोरांसारखे. आपल्या अंगाचा एक भाग आपल्याला न विचारता बैठकीला बसला आहे, या जाणिवेने त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"अरे वा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "एरवी सगळे काखा वर करतात. आज पहिल्यांदा कुणीतरी हात वर केला."

"मी नाही केला," धाकटा म्हणाला.

"मग हा काय लोकांचा आहे?"

त्याने दुसऱ्या हाताने तो खाली ओढला आणि मांडीवर दाबला. सोडल्याबरोबर तो पुन्हा वर निघाला. पर्सवाल्या मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. कुणीतरी सुटकेचा असा निःश्वास टाकला की टेबलावरचा कागद उडाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकले होते, पण अवलक्षण स्वतःच हात दाखवत सुटते हे धाकट्याला नवीन होते.

"मॅडम, माझी बदली झालीय. हुकूम खिशात आहे."

"होता. आता तो कसा लागू होईल?" मोठ्या मॅडम खरोखरच हळहळल्या. "ताबा सोडायला कुणीतरी घेणारा हवा. हाडकाकांना विचार."

हाडकाका बरणीकडे बघत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

धाकट्याच्या डोळ्यांसमोर आपले केस पांढरे होताना दिसले, मग दिसेनासे झाले. फोनच्या दुसऱ्या टोकाला बायकोचेही. हात एव्हाना हळूहळू खाली येत होता, दमलेल्या पाहुण्यासारखा. तो टेबलावर टेकला आणि त्याच क्षणी धाकट्यातला विज्ञानाचा पदवीधर जागा झाला.

"दार," तो म्हणाला.

"कसलं दार?"

"मी मघाशी ते दार रेटून धरलं होतं. बाहेरच्या बाजूला, ताठ हातानं, एकसारखं." उजवा खांदा चोळत तो भराभर बोलू लागला. "हात बाजूनं उचलणारा स्नायू म्हणजे खांद्यावरचा डेल्टॉइड. तो जोर लावत होता, पण दारामुळं हात हलत नव्हता. असा बराच वेळ जोर लावला आणि एकदम सोडला, की मेंदूचा हुकूम काही क्षण तसाच चालू राहतो. आपण थांबलो तरी स्नायू थांबत नाही. हात आपोआप वर जातो. भुताटकी नाही हो, मॅडम. लहानपणी चौकटीत उभं राहून करायचो आम्ही."

"मी इतकी वर्षं डेल्टॉइड शिकवतोय," भिंगसर भिंगातून त्याच्याकडे बघत म्हणाले. "परवानगीशिवाय हललेला बघितला नाही."

"तुम्ही मेलेला बघताय, सर. सगळेच आपण मेलेला बघतो."

"मग करून दाखव," भिंगसर म्हणाले.

"मी दाखवलं तर तुम्ही म्हणाल मुद्दाम करतोय. तुम्हीच करा. सगळ्यांनी भिंतीला खेटून उभं राहा, एक हात खाली सोडा आणि त्याच्या मागच्या बाजूनं भिंत बाहेर ढकला. मी थांबा म्हणेपर्यंत. मग एक पाऊल पुढं या आणि हात सैल सोडा."

"कोणता हात?" मोठ्या मॅडम उठत म्हणाल्या. त्यांना कुतूहल आवरेना.

"कोणताही. जो दाबाल तोच जाईल. दुसरा गप्प बसेल. तुलनेसाठी तो हवाच."

शास्त्र म्हटले की माणसे काय करतील सांगता येत नाही. बघता बघता सगळा विभाग भिंती, कपाटे आणि चौकटी रेटू लागला. पर्सवाल्या मॅडमनी पर्स प्रथमच खाली ठेवली. भिंगसर लोखंडी कपाटाला असे भिडले की आतल्या काचपट्ट्या किणकिणल्या. हाडकाकाही एका खांबाशी जाऊन उभे राहिले. फक्त श्वास ऐकू येत होते, आणि मध्ये टेबलावर बरणी, वर्गावर लक्ष ठेवून असल्यासारखी. धाकटा एकटा खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होता.

"थांबा. पुढं या."

सगळे एक पाऊल पुढे आले. क्षणभर काहीच झाले नाही. मग एक हात हलला. दुसरा. पर्सवाल्या मॅडमच्या तोंडून बारीक आवाज निघाला. दुपारच्या त्या करड्या उजेडात, एक शब्द न बोलता, खोलीतले सगळे हात सावकाश वर चढू लागले. बांगड्या घसरत कोपराकडे गेल्या, बाह्या मागे सरकल्या. वर जाणाऱ्या आपल्या हाताकडे जो तो पाहत होता, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूकडे पाहावे तसा.

"मी करत नाहीये," भिंगसर कुजबुजले. त्यांनी खाली राहिलेल्या हाताने भिंग उचलून स्वतःच्याच काखेकडे धरले. "आणि दुसरा शांत आहे. अगदी शांत आहे."

"सांगितलं ना," धाकटा म्हणाला. त्याच्या अंगावरही काटा आला होता, पण तो विजयाचा होता.

दार वाजले नाही. डीनसाहेब दार वाजवत नसत. ते आत आले, बरणीकडे पाहिले, मग वर पाहिले.

"अस्थिखोलीचं काही ठरलं का, एवढंच विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "हे तर एकमतानं दिसतंय."

"सर, हे डेल्टॉइड..." मोठ्या मॅडमनी सुरुवात केली. त्यांचा हात एव्हाना कानाच्या वर पोचला होता.

"मला या विभागाबद्दल काय काय सांगितलं होतं. हात झटकणारी माणसं म्हणे." डीनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि इथं एकेकजण... भिंगसर, तुम्हीसुद्धा?"

"सर, हे स्नायूंचं काम आहे," भिंगसर काकुळतीला येऊन म्हणाले.

"अर्थात. हाडं उचलायची म्हणजे स्नायू हवेतच. असं करा, पाळी लावा. प्रत्येकाकडे एकेक महिना. एकाच माणसाला आयुष्यभर कोंडायचं, हे मला आधीपासून पटत नव्हतं." मग त्यांची नजर खुर्चीतल्या धाकट्यावर गेली. "हा एकटाच हात खाली ठेवून का बसलाय?"

"सर, माझी बदली झालीय."

"हां, तो तू. माझ्याच सहीनं गेलाय हुकूम. मग याला कशाला अडकवता? मॅडम, आजच मोकळा करा." आणि डीनसाहेब गेले. हात त्यानंतर खाली आले, एकेक करून, शरमल्यासारखे.

मग पर्सवाल्या मॅडम हळूच म्हणाल्या, "पहिला महिना कुणाचा?" आणि खोलीतले सगळे हात विजेच्या वेगाने खिशात, पर्समध्ये आणि मांडीखाली गेले.

बाहेर पडताना हाडकाकांनी धाकट्याला बोळात गाठले. "तुझं शास्त्र पटलं बरं का मला. दार रेटलं की हात वर जातो."

"जातोच, काका."

"मग मी तेव्हा कुठलं दार रेटलं होतं?"

"रेटलं असेल कुठलं तरी. विसरला असाल तुम्ही," धाकटा उदारपणे म्हणाला.

मोठ्या मॅडमनी चिठ्ठीवर सही केली, पण कागद लगेच सोडला नाही. "एक सांगू? कुणीच हात वर केला नसता ना, तर मी तुझं नाव घेणार होते. सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात घालायचं, अशी पद्धत आहे. हाडकाका तेव्हा सगळ्यात धाकटेच होते."

"आणि बदली?"

"राहिली असती." त्यांनी कागद दिला. "तू गप्प बसला असतास तर अडकला असतास. तुझ्या हातानं तुला वाचवलं म्हणायचं."

चिठ्ठी दोनदा वाचून धाकट्याने बोळातूनच बायकोला फोन लावला. सगळे सविस्तर सांगितले: घड्याळ डोळ्यांसमोरून कसे वर गेले, भिंगसरांनी स्वतःची काख कशी तपासली, डीनसाहेबांनी चष्मा काढून कसा पुसला. ती इतकी हसली की तिच्याकडे एक्स-रेसाठी आलेले माणूस काय झाले म्हणून विचारत असलेले ऐकू आले.

"आणि खांदा? दुखतोय का रे अजून?"

"चांगलाच. राक्षसाची स्प्रिंग आहे त्या दाराला."

"कोणता?"

धाकटा हसला. "उजवा, बाईसाहेब. डाव्यात बरणी होती ना."

पलीकडे हसणे थांबले.

"तू घड्याळ उजव्या हातात कधीपासून घालायला लागलास?"

धाकट्याने उजव्या मनगटाकडे पाहिले. तिथे काही नव्हते. मग त्याने डाव्याकडे पाहिले. तो चिठ्ठी धरून उभा होता, आज्ञाधारक, जणू काही त्या गावचाच नाही.

"बरणीचं वजन असेल," तो म्हणाला.

"बरणी तू आत दाबून धरली होतीस. मग हात आत जाईल. वर कसा जाईल?"

"हो."

"अरे, आहेस ना?"

"आहे."

"आजच नीघ," ती म्हणाली. "सामान मागनं येईल."

"निघतो. मास्तरांना जागेवर ठेवून येतो फक्त."

यावेळी दार हाडकाकांनी धरले. दुधी काचेतला उजेड तसाच होता, मघाशीही आणि आताही तीच संध्याकाळ. सांगाडे किंचित हलले. धाकट्याने बरणी दोन्ही हातांनी फळीवर ठेवली आणि आतला द्रव स्थिर व्हायची वाट पाहिली. मास्तरांचा हात तसाच वर होता. ताबा गळ्यात घालताना आपल्याला कुणी काही विचारणार नव्हते, आणि का, असे आपणही विचारले नसते, हे धाकट्याच्या आत्ता ध्यानात आले. कुणीतरी हात वर केला, म्हणून प्रश्न दिसला.

"काय झालं?" हाडकाका दारातून म्हणाले.

"काही नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, कुठलं दार रेटलं होतं म्हणून."

"हं."

"मला नाही माहीत, काका."

"आत्ता बोललास," हाडकाका म्हणाले आणि दार जरा जास्त उघडून धरले.

निघताना धाकट्याने मास्तरांपुढे पार कोपरापासून हात जोडले. उजवा लगेच आला. डाव्याने जरा वेळ घेतला.